तळटीप ७
७. ‘लोणीच्या नोंदी लोणीतच’ : लोणी, ता. राहाता, जि. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर). येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. लेखकाला अभिप्रेत आहे ते ‘फेडरेटेड’ विश्लेषण, म्हणजे नोंदी जागच्या जागी ठेवून केलेले. समजा, हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे सरासरी वय काढायचे आहे. प्रत्येक रुग्णालय वयांची बेरीज आणि रुग्णसंख्या, एवढे दोनच आकडे पाठवते. केंद्रात बेरजांच्या बेरजेला एकूण रुग्णसंख्येने भागले की सगळ्या नोंदी एकत्र केल्यावर येईल तेच उत्तर येते, केसपेपर मात्र जागचा हलत नाही. नुसती नावे खोडून केसपेपर पाठवले तर भागत नाही : तालुक्यात पंचविशीत बायपास झालेली एकच बाई असेल, तर ती कोण हे गावाला सांगावे लागत नाही. म्हणून अगदी मोजके रुग्ण असलेल्या गटाचे आकडेही सहसा बाहेर देत नाहीत.