मोटारशौकिनांचे मत आणि मोटारींची रांग

ज्यांच्या दारात कधी मोटार उभी राहिली नाही, अशांचीही मोटारींविषयीची मते पक्की असत. फियाट चांगली की ॲम्बॅसॅडर, हा वाद 1960 आणि 1970 च्या दशकांत कचेरीत रंगे, लग्नाच्या मांडवात रंगे आणि आगगाडीच्या डब्यातही रंगे. आज मला जो प्रश्न पडतो तो वेगळा आहे. इतक्या जाणकारीने बनलेल्या या मतांचा कारखानदारांवर परिणाम तो काय झाला?

थोडे मागे जाऊ. स्वदेशी मोटारीची योजना विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मांडली आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती मनावर घेतली. परकीय सरकारने हात आखडता घेतला, तरी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि 1947 पासून कुर्ल्यास क्रायस्लर कंपनीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स 1942 चीच. तिचा कारखाना पुढे ओख्याहून बंगालमध्ये उत्तरपाड्यास गेला. त्या काळी गिऱ्हाइकाला निवडीस पुष्कळ वाव होता. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1928 पासून मुंबईत शिवडीला होता, आणि फोर्डच्या गाड्याही येथे जोडल्या जात.

सन 1953 मध्ये सरकारने धोरण ठरविले की, ज्यांच्यापाशी सुटे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. प्रवासी मोटारींच्या धंद्यात मुख्यतः तिघे उरले: उत्तरपाडा, कुर्ला आणि मद्रासचे स्टँडर्ड. वालचंद त्याच वर्षी एप्रिलात वारले. पुढची रांग त्यांना पाहावी लागली नाही.

रांग म्हणजे अक्षरशः रांग. परवान्याने उत्पादनास मर्यादा, 1959 च्या हुकुमाने वितरणावर व विक्रीवर नियंत्रण. अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. फियाटची रांग अधिक लांब, म्हणून हाती आलेली गाडी जुनी म्हणून विकली तरी नव्या गाडीच्या छापील किमतीहून अधिक पैसे देणारा भेटे. शौकिनांच्या मताची खरी नोंद कोठे होत असेल तर ती या वरकड रकमेत! पण ती रक्कम कारखान्याकडे जात नसे, विकणाऱ्याच्या खिशात जाई. आणि एकाने नापसंतीने पाठ फिरविली तर त्याच्या मागचा मनुष्य आनंदाने पुढे सरके. अशा स्थितीत कारखानदाराने कोणाचे ऐकावे, आणि का ऐकावे?

मते मात्र अचूक होती. 1957 साली आलेली ॲम्बॅसॅडर ही विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्डचीच आवृत्ती. जागा ऐसपैस, खराब रस्त्याला दणकट. पण हॉर्न सोडून तिचे सारे काही वाजते, हा विनोद तिच्या मालकांनीच पसरविला. फियाट अकराशे हलकी, पेट्रोल बेताने पिणारी आणि हाताळावयास सोपी. तिच्या 1950 च्या दशकातील नमुन्याचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत, आणि तिच्या गुबगुबीत आकारावरून मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकले. तक्रारी वाढल्या तेव्हा गाड्यांच्या दर्जाची चौकशी करण्यास 1960 च्या दशकात समितीही नेमावी लागली. तरी 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेलेली गाडी मूळची तीच फियाट होती. नाव बदलले, यंत्र तेच.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शौकीन मंडळी कारखानदारांना सरसकट दूषणे देत, त्यात थोडा अन्याय होता. लोखंडी ओतकामापासून स्प्रिंगांपर्यंत सुटे भाग करणारे असंख्य छोटे उद्योग त्याच धोरणाने उभे राहिले. शिवाय एकच गाडी वीस-वीस वर्षे चालवावयाची म्हटल्यावर प्रत्येक गावात तिचे पोट उघडून बसणारा मिस्त्री तयार झाला. आमच्याकडे तर मोटार घेण्यापूर्वी डॉक्टरप्रमाणे मिस्त्रीचा सल्ला घेत. विक्रेत्याच्या शब्दावर कोणी विसंबत नसे.

14 डिसेंबर 1983 रोजी मारुतीच्या पहिल्या गाड्यांच्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते देण्यात आल्या, तेव्हा हा डाव मोडला. तीन सिलिंडरांचे 796 घनसेंटिमीटरचे इंजिन पाहून जुने शौकीन हसले. ‘हिला पत्रा म्हणावे की पत्रावळ?’ असेही उद्गार मी ऐकले आहेत. पण नोंदणी करणारे लाखाहून अधिक निघाले. गंमत अशी की, तिच्यासाठीही पुन्हा रांगच लागली. परवान्याची अट जावयास 1993 साल उजाडावे लागले.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, ॲम्बॅसॅडरचे 2014 मध्ये. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत आता ती डुक्कर फियाट चकचकीत रंगवून आणतात, आणि तिचे उलटे दरवाजे पाहण्यासाठी तरुण पोरे भोवती गर्दी करतात.