सुट्टी संपली, जागा आहे का?

प्रवासाबद्दलचं बहुतेक लिखाण गाडी सुटते तिथे सुरू होतं आणि घर दिसायला लागलं की थांबतं. त्यापुढचं फारसं कुणी लिहीत नाही. मळक्या कपड्यांचा ढीग, बंद घराचा कोंदट वास, मुलांची राहून गेलेली वह्या-पुस्तकं आणि उद्या सकाळी कामावर हजर व्हायचं, हे सगळं तिथूनच सुरू होतं. मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी या परतीलाच सगळ्यात जास्त महत्त्व होतं. गावाहून आल्यावर आपली नोकरी आपल्याला मिळेलच, याची खात्री नसायची.

१९११ च्या जनगणनेत मुंबईच्या कापड गिरण्यांमधले जवळपास निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळच्या या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग आला. एप्रिल-मे महिन्यांत हे लोक गावी जायचे. आपण ज्याला ‘व्हेकेशन’ म्हणतो, तसं त्यात थोडंच होतं. लग्नं याच दिवसांत असत. पावसाआधी घर शाकारायचं, लाकूडफाटा भरून ठेवायचा, भातासाठी भाजावळ करायची. शहरात वर्षभर राबलेला माणूस सुट्टीत शेतावर राबायचा.

परत यायची तारीखही त्याच्या हातात नसे. कोकणातून मुंबईला येण्याचा मोठा मार्ग समुद्राचा. देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांत होडीतून आगबोटीपर्यंत जायचं आणि डेकवर जागा धरायची. पाऊस जवळ आला की ही वाहतूक बंद व्हायची, ती समुद्र शांत झाल्यावरच सुरू होई. शेवटची बोट चुकली, तर घाट चढून कोल्हापूरला यायचं आणि तिथून आगगाडी पकडायची. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाड्या धावायला १९९८ साल उजाडलं.

मुंबईत उतरल्यावर खरा प्रश्न गिरणीच्या दारात उभा असायचा. कामावर घ्यायचं की नाही, हे बरंचसं जॉबरच्या मर्जीवर असे. तुम्ही गावाला गेलात की तुमच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. परत आल्यावर जागा मोकळी असेल किंवा नसेल. नोकरी मिळवायला आणि टिकवायला जॉबरला पैसे चारावे लागतात, हे १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबरनेही नोंदवलं होतं. याच कमिशनने एक साधी सूचना केली होती. कामगाराला ठरावीक मुदतीची रजा मागू द्या आणि वेळेवर परतला तर त्याचं जुनं काम त्याला मिळेल, असं वचन देऊन पाठवा. आज आपल्याला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. तेव्हा मात्र ते सरकारी अहवालात लिहावं लागत होतं.

या गोष्टीला दुसरी बाजूही होती. एकाची सुट्टी म्हणजे दुसऱ्याची चूल. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी थांबायचा. आत कुणाचा खाडा पडला, तर त्याला त्या दिवसाचं काम. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने या पद्धतीला नियम लावले. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डं द्यायची आणि त्यांनी रोज हजेरी लावायची. त्यामुळे जॉबरचा हात थोडा आखडला. पण कायम कामगार गावाहून परतला की बदलीवाला पुन्हा फाटकाबाहेर, यात काही बदल झाला नाही.

आता चाळीतल्या खोलीकडे वळू. गिरणगावातली बहुतेक कुटुंबं एका खोलीत राहायची. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. महिनाभर बंद असलेली अशी खोली उघडायची, झाडायची, नळावर रांग लावून पाणी भरायचं, गावाहून आणलेले तांदूळ, कुळीथ, सोलं, सुके मासे डब्यांत भरायचे आणि त्यातलं थोडं शेजाऱ्यांकडे पोचवायचं. हे सगळं बाईकडे. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता, म्हणजे अनेकींना हे उरकून पाळीवरही जायचं होतं. ज्या घरी खानावळ चालवायच्या, त्यांचं काम पुरुष परतले की त्याच दिवशी सुरू. जेवणारे एकटे गडी गावी असताना कमाई थांबलेली, आणि आता पुन्हा पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या.

त्यात जून महिना म्हणजे खर्चाचा. गावच्या लग्नात पैसे गेलेले, गैरहजेरीचा पगार नाही, वर शाळा आणि छत्र्या. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कामगारांची जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात आढळली होती. बिनपगारी सुट्टी त्या कर्जात भर घालणारच.

भरपगारी रजेचा हक्क कायद्यात यायला १९४५ साल लागलं. कारखाना कायद्यातल्या त्या दुरुस्तीने वर्षभर सलग काम करणाऱ्याला दहा दिवसांची पगारी रजा दिली. १९४८ च्या कायद्याने हिशेब बदलला. प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. आज आपण ऑफिसच्या पोर्टलवर ‘लीव्ह बॅलन्स’ बघतो, त्या आकड्याचं मूळ शोधत गेलं तर अशाच नियमांपाशी पोचतो. खानावळीतली बाई मात्र या हिशेबात कुठेच नव्हती. ती कुणाचीच कामगार नव्हती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, तेव्हा अशा बायका संघटित होऊ लागल्या.

आणि मग १९८२. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. शहरात बिनपगारी राहणं परवडेना, म्हणून अनेक कुटुंबं गावी गेली. संप मिटला की परत यायचं, एवढंच ठरलेलं. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो लोकांना परत कामावर घेतलं नाही, पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर मॉल आणि ऑफिसं उभी राहिली. अनेकांचं गावी जाणं हे न संपणारी सुट्टी ठरलं.

आज त्याच परळ-लोअर परळमध्ये माझ्या वयाची मुलं लॅपटॉप उघडून सोमवारची सुरुवात करतात. चार दिवस गोव्याला जाऊन आल्यावर इनबॉक्स भरलेला असतो, पण खुर्ची जागेवर असते. त्याच इमारतीत जेवण पोचवणाऱ्या मुलाचं तसं नाही. तो गावी गेला की त्या दिवसांची कमाई शून्य, आणि त्याच्या वाटच्या ऑर्डरी लगेच दुसऱ्याला. फाटकाशी थांबलेल्या बदलीवाल्याला हे लगेच ओळखू आलं असतं.

सुट्टीवरून आल्यावर घरात पसरलेली बॅग, मशीनला लावलेले कपडे, उद्याच्या डब्याची घाई याचा वैताग येतोच. पण परत येऊन वैतागायला आपलं काम शिल्लक असणं, ही गोष्ट मिळवायला गिरणगावाच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. आणि ती अजून सगळ्यांना मिळालेली नाही.