वॉटसनचं बीड
काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल म्हटलं की आपल्याला १८९६चा ल्युमिएरांचा सिनेमा आठवतो. आज आपण त्याचं लोखंड पाहू. १८६७ ते १८६९ दरम्यान, ऑर्डिश यांच्या आराखड्यानुसार, इंग्लंडमध्ये तयार झालेले सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुकानांना पुढून बिडाचा दर्शनी भाग लावत. बाकीचा भार बहुतेकदा विटांच्या भिंतीच पेलत. इथे मात्र रस्त्यावरून दिसणारे खांब म्हणजे इमारतीचा सांगाडाच. विटा नुसत्या मधली जागा भरतात. २०१९मध्ये ती पाडायची की दुरुस्त करायची, हा वाद न्यायालयात गेला. दर्शनी भाग तेवढा ठेवू, मागे नवं बांधू, ही पळवाट इथे नाही. राखायची तर अख्खीच राखावी लागेल.