४७० नंबरचं काडतूस

आमच्या घरात पितळेची एक नळी आहे. आजी तिच्यात सुया ठेवते. तोंडाला चिंधीचा बोळा. लहानपणी मी तिची शिट्टी वाजवायचो. पुढं सूतगिरणीत लागलो, पाळी संपवून तालुक्याच्या वाचनालयात बसायला लागलो, तेव्हा एकदा तिचं बूड राखेनं घासलं. अक्षरं झिजलेली. आकडा शाबूत : ४७०.

"आजे, हे कुठलं गं?"

"तुझ्या पणज्यानं हाक्यातनं आणलं. सायबाला वाघ गावला, आन् आमास्नी ही नळी."

मी इतिहासकार नाही. पण आकडा दिसला की त्याचा माग काढायची खोड मला गिरणीनं लावली. चाळीस काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी. आकडा वाढेल तसं सूत बारीक. जुन्या बंदुकांचा हिशेब अगदी असाच. एका पौंड शिशात नळीच्या मापाच्या किती गोळ्या बसतात, तो तिचा 'बोअर'. चार बोअर म्हणजे पाव पौंडाची गोळी. आफ्रिकेत, सिलोनात हत्ती मारायला गोरे शिकारी असल्या तोफा खांद्याला लावायचे. काळी दारू, ढगभर धूर, खांद्याला दणका. शिसं नरम, हत्तीच्या हाडावर चेपायचं.

१८८९ साली इंग्लंडात ॲबेल आणि ड्युअर या दोन रसायनवाल्यांनी कॉर्डाइट काढलं. शंभरात ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन, ५ भाग व्हॅसलीन. आणि गनकॉटन म्हणजे काय? कापूस. बहुतेक गिरणीतला टाकाऊ कापूस, धुऊन, तेल काढून, ॲसिडात बुडवलेला. जो कचरा आम्ही झाडून पोत्यात भरतो, त्याचा भाऊबंद. हे वाचलं त्या रात्री मला पाळीवर झाडू मारताना हात थांबवावासा वाटला.

कॉर्डाइटला धूर नाहीच म्हटलं तरी चालेल, जोर मात्र कितीतरी जास्त. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीनं सव्वातीन इंची पितळी नळीत ही नवी दारू भरली आणि '४५० नायट्रो एक्सप्रेस' काढलं. गोळी ४८० ग्रेनची. आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आतच. पण वेग सेकंदाला २१५० फूट. हत्तीसाठी गोळीला कडक धातूचं पुरं कवच, वाघासाठी तोंड उघडं, आत शिरताच फुलणारं. पाव पौंडाच्या गोळीचं काम पावणेतीन तोळ्यांत व्हायला लागलं.

मग माझ्या आजीच्या नळीवर ४५० का नाही?

इथंच सरकार येतं. ब्रिटिश फौजेची १८७१ पासूनची मार्टिनी-हेन्री रायफल पण ४५० मापाची. ती जुनी झाली, तरी हिंदुस्थानात आणि सुदानात कितीतरी इकडं तिकडं पांगलेल्या. सरकारला धास्ती अशी की शिकारीच्या काडतुसातली गोळी उपसून कुणी बंडवाला ती मार्टिनीत भरेल. म्हणून १९०७ च्या सुमारास ४५० मापाचा दारूगोळा या दोन्ही मुलखांत आणायला बंदी आली.

बंदीनं साहेबांची शिकार थांबली का? छे! लंडनच्या बंदूकवाल्यांनी माप थोडं सरकवलं. ४६५ आलं, ४७५ आलं, आणि जोसेफ लँगच्या नावावर ४७० आलं. गोळी ५०० ग्रेनची, वेग तोच. म्हणजे ४५० पेक्षा थोडं जास्तच जोरदार. साहेबासाठी कायद्यानं आकडा बदलला. आपल्यासाठी १८७८ चा हत्यारांचा कायदा होताच : हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, गोऱ्याला त्यातून सूट.

आणि त्याच १९०७ सालापर्यंत कुमाऊँत चंपावतच्या वाघिणीनं, नेपाळातली धरून, ४३६ माणसं खाल्ल्याची नोंद आहे. जिम कॉर्बेटला तिचा हाका करायचा होता. तहसीलदारानं गावोगाव कळवलं : बिनपरवान्याच्या बंदुका आणा, आम्ही डोळेझाक करू, दारूगोळाही देऊ. २९८ माणसं जमली. कॉर्बेटनंच हे लिहून ठेवलंय. म्हणजे बंदुका लपवलेल्या होत्या हे सरकारला ठाऊक होतं. साहेबाच्या हाक्याला त्या चालल्या. आदल्या वर्षांत लाकडं तोडणाऱ्या, गवत कापणाऱ्या बायांना वाघीण उचलून नेत होती, तेव्हा त्याच बंदुका गुन्हा होत्या. कॉर्बेटवर माझा राग नाही, तो जीव धोक्यात घालून गेला. राग त्या डोळेझाकीवर आहे. ती कुणासाठी उघडते, कुणासाठी मिटते, हाच इतिहास.

माझ्या पणज्याच्या हातात कुठली बंदूक? हातात पत्र्याचा डबा आणि टिकोरं. गावकीचं काम म्हणून हाक्याला जायचं, नाही म्हणायची सोय नाही. वाघ बिथरून मागं फिरला तर पहिला तो डबेवाल्यावर येणार. साहेब मचाणावर, हातात ४७०, दोन नळ्यांची. बाराशे पावलांचं रान हाकणारे खाली, अनवाणी.

१९५९ ला हत्यारांचा नवा कायदा आला. १९७२ च्या कायद्यानंतर वाघाची हौशी शिकार संपली. बरं झालं. मला बंदूक नको आहे. वाघानं जगावं. पण जुन्या वाड्यांत पेंढा भरलेली वाघाची मुंडकी अजून टांगलेली दिसतात. खाली पाटी : मारणाऱ्याचं नाव, तारीख, लांबी किती फूट. डबा बडवणाऱ्याचं नाव एकाही पाटीवर मला दिसलं नाही. गोळीचं वजन ग्रेनपर्यंत लिहिलं गेलं. माणसं नुसती मोजली गेली, २९८, किंवा तीही नाही.

मी आजीला हे सगळं सांगितलं. ती सुई ओवत होती. म्हणाली, "मंग लिही की त्याचं नाव त्या नळीवर."

परवा पाळीवरून आलो आणि खिळ्यानं कोरलं.