इंग्रजी मंदिरांतील पाहुणे गायक

पेण तालुक्यातील जोहे आणि हमरापूर या गावांचे नाव गणेशमूर्तींमुळे दूरवर पोचले आहे. तेथील कारखान्यांत घडलेल्या मूर्ती चतुर्थीच्या कित्येक महिने आधी पेट्यांत बंद होऊन समुद्रमार्गे परदेशी रवाना होतात. मूर्ती अशी पाठविता येते. गाण्याचे तसे नाही. ध्वनिमुद्रिका पाठविता येईल, परंतु ज्या वास्तूसाठी एखादे गाणे रचले गेले, तिच्या दगडी भिंतींतून उठणारा प्रतिध्वनी पेटीत भरता येत नाही. त्यासाठी गाणाऱ्यालाच उठून जावे लागते. दरवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेतून व इतर देशांतून अनेक हौशी गायकवृंद याच कारणाने इंग्लंडास जातात व तेथील जुन्या कॅथीड्रलांत, म्हणजे बिशपचे पीठ असलेल्या मुख्य मंदिरांत, आठवडा आठवडा गातात. त्यांच्या गाण्याला तिकीट नसते आणि गाणे संपल्यावर कोणी टाळ्याही वाजवीत नाही.

हा प्रकार जलशाहून अगदी निराळा आहे. कोकणात गणपतीच्या दिवसांत आरतीची मंडळी घरोघर जातात. ज्या घरी जावे त्या घरच्या रिवाजाने आरत्या म्हणावयाच्या. गळा कितीही गोड असला तरी क्रम यजमानाचा. पाहुण्या वृंदाचे कामही याच जातीचे असते. मंदिरात रोज होणारी सायंप्रार्थना त्या आठवड्यापुरती त्याने चालवावयाची.

या सायंप्रार्थनेचा इतिहास मोठा वादळी आहे. मध्ययुगातील मठांत संन्यासी दिवसरात्रीतून आठ वेळा लॅटिन स्तोत्रे गात. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले आणि ती गायनाची परंपरा उघडी पडली. पुढे १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मर याने इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध केला. जुन्या आठ प्रार्थनांच्या जागी सकाळची एक आणि सायंकाळची एक अशा दोनच ठेविल्या, आणि बायबलातील दीडशे स्तोत्रे तीस दिवसांत पुरी व्हावीत अशी वाटणी करून दिली. त्या क्रॅन्मरला १५५६ मध्ये मेरी राणीच्या अमदानीत जिवंत जाळण्यात आले.

राजा बदलला की देवाची भाषा बदले, आणि याचा जाच गायकांना होई. टॉमस टॅलिस हा संगीतकार १५४० मध्ये वॉल्थम येथील मठात नोकरीस होता. मठ बुडाला, नोकरीही गेली. पुढे तो राजदरबारच्या गायकवर्गात आला आणि त्याने लागोपाठ चार राज्यकर्त्यांची सेवा केली. हेन्रीच्या काळी लॅटिन, सहाव्या एडवर्डच्या काळी इंग्रजी, मेरीच्या काळी पुन्हा लॅटिन, एलिझाबेथच्या काळी पुन्हा इंग्रजी, असा त्याच्या रचनांचा प्रवास झाला. त्याच्या जोडीचा विल्यम बर्ड हा तर मनाने अखेरपर्यंत जुन्या रोमन पंथाचा. राणीच्या मंदिरासाठी त्याने इंग्रजी प्रार्थनासंगीत रचले, आणि चोरून उपासना करणाऱ्या आपल्या पंथबांधवांसाठी लॅटिन. आज पाहुणे वृंद दोघांच्याही रचना एकाच आठवड्यात निर्धास्तपणे गातात. रचणाऱ्याला ती निर्धास्तता कधी लाभली नाही.

त्यानंतरचा आघात याहून मोठा होता. यादवी युद्धात पार्लमेंटने १६४४ मध्ये मंदिरांतील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम सोडला आणि १६४५ मध्ये प्रार्थनाग्रंथावरच बंदी घातली. (येथे ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांच्या साथीतला नव्हे, भिंतीएवढ्या उंच नळ्यांचे ते अवाढव्य वाद्य.) गायकवृंद मोडले. डरहॅमच्या कॅथीड्रलचे बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालेले; त्या मंदिरात १६५० मध्ये डनबारच्या लढाईतील सुमारे तीन हजार स्कॉटिश कैदी कोंडण्यात आले. थंडीने काकडलेल्या त्या माणसांनी आतील लाकूडकाम जाळून ऊब घेतली, असे सांगतात. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर बिशप कोझिन याने गायकांची आसने नव्याने करविली. डरहॅमला गाणारा पाहुणा बसतो तो याच आसनांवर.

मग पाहुण्यांची गरज का पडते? कॅथीड्रलच्या वृंदात वरच्या पट्टीचे गाणारी शाळकरी मुले असतात आणि खालचे स्वर प्रौढ वेतनी गायक सांभाळतात. वेल्स येथे अशा गायकांसाठी १३४८ मध्ये स्थापन झालेली वसाहत आजही नांदती आहे. मुलींना मात्र फार काळ मज्जाव होता. सॉल्झबरीने १९९१ मध्ये त्यांचा स्वतंत्र वृंद उभारला, तो इंग्लंडातील कॅथीड्रलांत पहिला. शाळेला सुट्टी लागली की मुले घरी जातात आणि मंदिर मुके होण्याची वेळ येते. ती पोकळी पाहुणे भरून काढतात.

काम वाटते तितके सोपे नाही. वृंद दोन भागांत, समोरासमोर बसतो. स्तोत्राचा एक चरण या बाजूने, पुढचा त्या बाजूने. तालमीस बहुधा तास-दीड तास मिळतो, आणि त्यात पहिली झुंज भिंतींशीच असते. उंच छताखाली स्वर काही सेकंद रेंगाळतो. घाई केली की शब्दांचा काला होतो, म्हणून वाक्याच्या शेवटी थांबून स्वर विरू द्यावा लागतो. घरच्या दिवाणखान्यात महिनोन्‌महिने घटवलेली लय येथे पहिल्या पाच मिनिटांत टाकून द्यावी लागते. समोर श्रोते किती, हा प्रश्नच नसतो. पावसाळी मंगळवारी दहा माणसे असली तरी प्रार्थना पुरीच व्हावयाची. नभोवाणीने मात्र या गाण्याला मंदिराबाहेर नेले. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतून बीबीसीने सायंप्रार्थना प्रथम प्रक्षेपित केली, आणि तो कार्यक्रम आजतागायत चालू आहे.

हेच संगीत उलट दिशेने मुंबईसही आले. कोटातील सेंट टॉमसचे मंदिर १७१८ मध्ये उघडले, आणि त्याला गाणारी मुले मिळावीत हा हेतू धरून १८६० मध्ये कॅथीड्रल शाळा निघाली. राजाबाई टॉवरचे नकाशे करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधी आला नाही. ईली, सॉल्झबरी येथील प्राचीन मंदिरांची डागडुजी करणारा तो हाच.

परंतु पाहुण्याने यजमानाची रीत कोठवर पाळावी? हा प्रश्न एका मराठी विदुषीने त्याच भूमीवर उभा केला होता. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघाच्या आश्रयाला त्या होत्या, तरी लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालण्यास त्यांनी साफ नकार दिला. लॅटिन चालते तर संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल होता. उत्तर एका अर्थी इकडेच मिळाले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व भजने रचून मराठी ख्रिस्ती उपासनेला घरचे छंद दिले.

इंग्लंडातील पाहुण्या वृंदापुढे हा प्रश्न इतका तीव्र नसतो. त्यांत श्रद्धाळू असतात तसे नुसते गाण्याचे वेडेही असतात. आठवडाभर सर्वांनी एकच झगा घालावयाचा आणि एकच क्रम पाळावयाचा. रविवारची सायंप्रार्थना आटोपली की झगे पेटीत जातात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच आसनांवर दुसऱ्या गावचा वृंद आपल्या वह्या उघडून बसतो.