जेवलात का? : चिनी बोलणे आणि भीमाकाठ

चिनी माणूस मितभाषी, औपचारिक आणि मनाचा थांग लागू न देणारा असतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. १९६२च्या युद्धानंतर तो अधिकच घट्ट झाला. शिरूर-दौंडच्या वाचकांनी मात्र तो स्वतःच्या बोलीशी ताडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

भेटल्यावर 'छ्र ल मा', म्हणजे 'जेवलात का?', असे विचारण्याची रीत चीनमध्ये जुनी आहे. शहरी तरुणांत ती मागे पडली असली, तरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येते. विचारणाऱ्याच्या घरी पान वाढलेले असते असे नव्हे. उत्तर 'हो' एवढेच अपेक्षित असते. पारावर बसलेला म्हातारा वाटसरूला 'झालं का जेवान?' म्हणतो, तेव्हा तोही निमंत्रण देत नसतो. दुष्काळाची आठवण असलेल्या दोन कृषिसमाजांनी क्षेमकुशल पोटावरून विचारावे, यात नवल नाही. पाहुणा निघाला की चिनी यजमान 'मान झोउ', म्हणजे 'सावकाश चला', म्हणतो. आपणही 'सावकाश जा' म्हणतोच.

नात्यांच्या शब्दांत हे साम्य अधिक खोल आहे. इंग्रजी एका 'अंकल'मध्ये मामा आणि काका दोघांनाही कोंबते. चिनीत आईचा भाऊ 'ज्यूज्यू' आणि बापाचा धाकटा भाऊ 'शूशू'. थोरल्या चुलत्याला तर 'पोपो' हा वेगळाच शब्द. आत्या आणि मावशी यांचीही तिथे गल्लत होत नाही. शिवाय ही संबोधने परक्यांनाही लावली जातात, जशी आपण बाजारात भाजीवालीला 'मावशी' म्हणतो.

नकाराचेही तसेच. चिनी माणूस तोंडावर 'नाही' म्हणण्याऐवजी 'विचार करून पाहू' म्हणतो, कारण समोरच्याचा मान राखायचा असतो. आपला 'बघू' हा त्याचाच सख्खा भाऊ. २००७ साली हायर या चिनी कंपनीने शिरूर तालुक्यातील रांजणगावचा कारखाना घेतला. अशा ठिकाणी दोन्ही बाजू सहसा तिसऱ्याच, इंग्रजी, भाषेत बोलतात, आणि त्या भाषेत 'बघू'ची छटा उतरत नाही. ज्याला आपण चिनी तुटकपणा म्हणतो, त्यातला बराचसा भाग या तिसऱ्या भाषेचा असावा, असा आमचा तर्क आहे. (आपलेही इंग्रजी त्यांना तसेच वाटत असेल!)

ही भिंत ओलांडलेला मराठी माणूस म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरहून मुंबईला जाणारा लोहमार्ग दौंडवरून जातो. मुंबईहून १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक निघाले, त्यात ते होते. या पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस 'क दिहुआ' झाले. त्यांची शुश्रूषा, त्यांच्या शस्त्रक्रिया यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, व्ही. शांतारामांनी १९४६ साली चित्रपटही काढला. पण त्यांनी चिनी आत्मसात केली आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवले, याचे मोल आपण पुरेसे जाणले नाही. रोग्याला दुभाष्यामार्फत 'कुठे दुखते' असे विचारणे आणि स्वतः विचारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला.

तिथल्या लोकांनी त्यांना ममतेने 'काळी आई' म्हटल्याचे चिनी आठवणींत येते. पुरुष डॉक्टरला आई म्हणणे हा चिनी संबोधनाचा मोकळेपणा. भीमाकाठी मात्र 'काळी आई' म्हटले की शेतकऱ्याला आपले रान आठवते. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याचे नाव 'यिनहुआ' : 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.