निळे रॉकेल ते पासबुकातली नोंद

आपण इथे राहायला आलो त्या सुमारास आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बायकांच्या घरी स्वयंपाक स्टोव्हवर नाहीतर चुलीवर व्हायचा. सरकारी मदत तेव्हा कॅनमधून यायची. रेशनचे रॉकेल, ओळखू यावे म्हणून निळा रंग घातलेले! गॅस घेतला की रेशनकार्डावर शिक्का बसे आणि कोटा कमी होई, नाहीतर बंदच.

1 जानेवारी 2015 पासून 'पहल' योजना देशभर लागू झाली. सिलिंडर पूर्ण भावाने घ्यायचा, सबसिडी मागाहून खात्यात. मी निवृत्त झालो होतो, पण 'बँकवाले काका' म्हणून आधार जोडणीचे फॉर्म माझ्याकडेच! गळती थांबवायला पद्धत चोख, हे मी आजही म्हणेन. त्याच वर्षी आपल्यापैकी काहींनी आपली सबसिडी आपणहून सोडली.

1 मे 2016 ला उत्तर प्रदेशात बलियाला 'उज्ज्वला' सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावे जोडणी, त्यासाठी सरकारचे 1600 रुपये. शेगडी आणि पहिला सिलिंडर कर्जाने घेता येई, ते कर्ज सबसिडीतून वळते व्हायचे. म्हणजे खात्यात काय उरणार?

आमच्या पोळीवाल्या बाई पासबुक घेऊन आल्या. "काका, पैसे नंतर येतात हो, पण गॅसवाला दारात उभा असतो त्याला काय देऊ?" जन्म बँकेत गेला माझा, तरी उत्तर सुचले नाही.

ऑक्टोबर 2023 पासून उज्ज्वलाला सिलिंडरमागे 300 रुपये झाले. तेही नंतरच. बाईंनी घरामागची चूल अजून मोडलेली नाही, अंघोळीचे पाणी तिच्यावरच तापते.